वजन कमी करण्याच्या ऑपरेशनसाठी सर्जन कसा निवडावा? एक म्हणतात स्लीव्ह, दुसरे म्हणतात मिनी बायपास

मृणाल_सांगली
नात्यातल्या एका बाईंसाठी विचारते आहे. वय ४२, उंची १६० सेंमी, वजन ११० किलो. मधुमेह ८ वर्षं जुना, मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन चालू. रात्री जोरात घोरतात. छातीत जळजळ कायमची, पँटोप्राझोल सुटत नाही. पूर्ण शाकाहारी. राहायला सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी, ऑपरेशन पुण्यात करायचा विचार आहे. दोन सर्जनना दाखवून झालं. एकांनी स्लीव्ह सांगितलं (जठर कापून अरुंद नळी ठेवायची), दुसऱ्यांनी मिनी बायपास (काही आतडं वगळून पुढचं जठराच्या पिशवीला जोडायचं). दोघांच्याही भिंतीवर प्रमाणपत्रंच प्रमाणपत्रं. नावं नकोत, निवड कशी करायची ते सांगा.

टाकेवाला
मृणालताई, नावं नकोत म्हणालात ते बरं केलंत. इथे नाव टाकलं की धाग्याची जाहिरात होते.

आधी भिंतीवरची प्रमाणपत्रं वाचायला शिका. एमएस किंवा डीएनबी जनरल सर्जरी हा पाया. त्यावर एमसीएच गॅस्ट्रो सर्जरी किंवा एफएनबी मिनिमल ॲक्सेस (दुर्बिणीची शस्त्रक्रिया) असेल तर ते खरं, काही वर्षांचं प्रशिक्षण. एफएनबी २ वर्षांची असते. नावापुढे एफएमएएस, एफआयएजीईएस अशी जी अक्षरं दिसतात, त्यातली बरीच काही दिवसांचा कोर्स आणि परीक्षा देऊन मिळतात. ती वाईट नाहीत, पण तेवढ्यावर जठर कापायला हात तयार होत नाही. नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. ओबेसिटी सर्जरी सोसायटीचं सदस्यत्व म्हणजे नुसतं सदस्यत्व, कौशल्याचा दाखला नव्हे. एनएबीएच मान्यता रुग्णालयाला मिळते, सर्जनला नाही.

मग संख्या. "आजवर ५००० केल्या" हे वाक्य ऐकून घ्या आणि विचारा: गेल्या १२ महिन्यांत किती? त्यात माझं जे ऑपरेशन करणार ते किती? अमेरिकेतल्या एमबीएसएक्यूआयपी मान्यतेत मोठ्या केंद्रासाठी वर्षाला किमान ५० स्टेपलरच्या शस्त्रक्रिया लागतात. आपल्याकडे तसं बंधन नाही, पण अंदाजाला हा आकडा चांगला. आठवड्याला सरासरी एकही होत नसेल तर ऑपरेशन थिएटरची टीम सरावात राहत नाही. सर्जनचा हात चालतो, पण नर्सला स्टेपलरचं पुढचं कार्ट्रिज (पिनांची पट्टी) कुठलं ते सांगावं लागतं.

संख्येपेक्षाही हात महत्त्वाचा असतो. मिशिगनमधल्या २० बेरियाट्रिक (वजन कमी करण्याची ऑपरेशनं करणाऱ्या) सर्जननी स्वतःच्या बायपासचे व्हिडिओ दिले आणि इतर सर्जननी नाव न कळता त्यांना गुण दिले. २०१३ साली छापलेल्या त्या अभ्यासात सर्वांत कमी गुणांच्या गटात गुंतागुंत १४.५ टक्के निघाली, वरच्या गटात ५.२ टक्के. तुम्हाला व्हिडिओ पाहून काही कळणार नाही हे खरं. पण "न कापलेलं पूर्ण रेकॉर्डिंग ठेवता का, पेन ड्राइव्हवर देता का?" असं विचारल्यावर समोरचा काय करतो ते जरूर पाहा.

शंकासुर
आता इंजेक्शनं आली आहेत की. मग पोट कापायचं कशाला?

टाकेवाला
रास्त प्रश्न. टिरझेपाटाइड आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जूनमध्ये. टिरझेपाटाइडच्या मोठ्या चाचणीत सर्वांत जास्त डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास वजन घटलं. औषध थांबवलं की बहुतेकांचं वजन परत चढतं, म्हणजे दरमहा खर्च चालूच. या बाईंचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४३ आहे, वर मधुमेह. इथे ऑपरेशनचं पारडं अजून जड आहे. मात्र जो सर्जन इंजेक्शनचा विषय काढल्यावर चिडतो त्याच्याकडे जाऊ नका. वजन परत वाढलं तर त्यालाच उद्या हीच इंजेक्शनं लिहायची आहेत.

आता मूळ भांडण, स्लीव्ह की मिनी बायपास. दोघांपैकी एकानेही एंडोस्कोपी केली का? नसेल तर दोन्ही सल्ले हवेतले. कायम जळजळ, पँटोप्राझोल सुटत नाही, म्हणजे अन्ननलिकेला सूज आहे का, हर्निया आहे का, एच. पायलोरी हा जंतू आहे का, हे आधी दुर्बिणीने पाहायलाच हवं. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून अरुंद नळी उरते. त्या नळीतला दाब वाढतो आणि आम्ल वर येतं. फिनलंडच्या स्लीव्हपास चाचणीत १० वर्षांनी स्लीव्हवाल्यांपैकी ३१ टक्क्यांच्या अन्ननलिकेला सूज होती, रू-एन-वाय बायपासवाल्यांत (जठराची छोटी पिशवी आणि आतड्याला वाय आकारात दोन जोड) ७ टक्के. आधीच जळजळ असलेल्या बाईंना एंडोस्कोपी न करता स्लीव्ह सांगणं मला पटत नाही.

दुर्बीण_दास
टाकेवाले, स्लीव्हबद्दल सहमत. पण म्हणून मिनी बायपास बरोबर ठरत नाही. त्यात आतड्याचा लूप थेट जठराच्या पिशवीला जोडतात, त्यामुळे काहींना पित्त वर येतं. जळजळ मुख्य तक्रार असेल तर रू-एन-वाय हेच उत्तर. या दोघांनी तिसऱ्या पर्यायाचं नावच काढलेलं नाही, याचं मला नवल वाटतं. बहुधा एक फक्त स्लीव्ह करतात आणि दुसरे फक्त मिनी. ज्याच्या हातात तिन्ही आहेत तो रुग्ण पाहून ठरवतो, नाहीतर रुग्णच ऑपरेशनला बसवला जातो.

टाकेवाला
मिनीला सरसकट मोडीत काढू नका. मधुमेहावर ते चांगलं चालतं, जोड एकच असल्याने वेळ कमी लागतो. प्रश्न लांबीचा आहे. किती सेंमी आतडं वगळणार?

दुर्बीण_दास
तेच तर. फ्रान्समधल्या योमेगा चाचणीत २०० सेंमी वगळून केलेल्या मिनीची तुलना रू-एन-वायशी केली (२०१९). वजन दोन्हींत सारखंच घटलं, पण कुपोषणाच्या गंभीर गुंतागुंती ९ आणि त्या सगळ्या मिनीच्या बाजूला. या बाई पूर्ण शाकाहारी आहेत. १५० सेंमीच्या पुढे जाणाऱ्या सर्जनला विचारा, एकूण लहान आतडं आधी मोजणार का? कुणाचं ४ मीटर असतं, कुणाचं ८. ४ मीटरवाल्याचं २०० वगळलं तर निम्मं गेलं.

टाकेवाला
१५० वर तडजोड मान्य. आणि मोजायचं, हेही मान्य :)

कपाळमोक्ष
वाखु (वाचनखूण) साठवली. दोघं असंच भांडत राहा.

भूलकर
सर्जनबद्दल सगळे बोलतात, भूल देणाऱ्याबद्दल कुणी नाही. ११० किलो, जोरात घोरणं आणि मधुमेह असेल तर रात्रीची स्लीप स्टडी ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. श्वास अडकत असेल तर सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देणारं) आधीच सुरू करायचं, आणि भरती होताना स्वतःचा मास्क बरोबर न्यायचा. रुग्णालयातला मास्क बऱ्याचदा चेहऱ्याला बसत नाही आणि रात्रभर हवा गळते. "घोरता का?" असं एकदा विचारून ज्यांनी पुढचं पान उलटलं त्यांच्याकडे बेरियाट्रिकची शिस्त नाही, असं समजा.

भूलतज्ज्ञ ठरलेला आहे की त्या दिवशी जो मोकळा असेल तो येतो, हे विचारा. रात्री आयसीयूत डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतो की फोनवर? ऑपरेशनच्या टेबलाची आणि सीटी स्कॅनच्या टेबलाची वजनमर्यादा किती? ११० किलोला सहसा अडत नाही, पण १६० च्या पुढच्या माणसाला गळती (टाक्यांतून आतलं पोटात झिरपणं) झाल्याची शंका आली आणि तो सीटीत मावलाच नाही, तर सगळे अंदाजावर चालतात.

आता औषधांचं. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी बंद करावं लागतं. ही गोळी चालू ठेवून कमी कर्बोदकांचा आहार आणि उपास झाला की रक्तात किटोन वाढतात आणि साखर मात्र २०० च्या आत दिसते. ग्लुकोमीटर पाहून सगळे निर्धास्त, पेशंट मात्र धापा टाकतोय आणि उलट्या करतोय. त्यात ऑपरेशनआधी १५ दिवस यकृत आकसायला ८०० ते १००० कॅलरीचा आहार देतात, म्हणजे धोका तिथपासूनच सुरू. आहार सुरू करतानाच फिजिशियनला विचारून गोळी बदलून घ्या. वजनाचं किंवा मधुमेहाचं साप्ताहिक इंजेक्शन कुणी घेत असेल तर तेही भूलतज्ज्ञाला सांगायचं. पोट उशिरा रिकामं होतं आणि भूल देताना आतलं फुप्फुसात जातं.

मृणाल_सांगली
बापरे, डापाग्लिफ्लोझिनबद्दल दोघांपैकी कुणीही बोललं नाही. सर्जनला नेमके कोणते प्रश्न विचारू? १० मिनिटांच्या वर वेळ मिळत नाही.

टाकेवाला
१० मिनिटांत मी हे विचारेन.

पहिला: तुमच्या ऑपरेशनमध्ये गळती किती जणांना झाली आणि शेवटची झाली तेव्हा काय केलं? स्लीव्हमध्ये १ ते २ टक्के गळती चांगल्या केंद्रांतही होते, बहुतेक वेळा अन्ननलिकेला लागून असलेल्या वरच्या टोकाला. "माझ्याकडे कधीच नाही" हे उत्तर आलं तर एकतर ऑपरेशनं कमी किंवा हिशोब ठेवलेला नाही. चांगला सर्जन सांगतो की सीटी केला, पू असलेल्या जागी नळी टाकली, एंडोस्कोपीवाल्यांनी स्टेंट घातला, नाकातून नळीने खाणं दिलं, इतके आठवडे लागले. या सगळ्यांची सोय त्याच इमारतीत आहे का, हेही लगेच कळतं.

दुसरा: १०० जणांवर केलं, त्यातले ५ वर्षांनी किती दाखवायला येतात? इथे बहुतेक केंद्रं अडखळतात. परत आलेल्यांचेच आकडे सांगितले की यश आपोआप वाढतं. न आलेल्यांत वजन परत वाढलेले जास्त असतात, हे उघड आहे.

तिसरा: यश कशात मोजता? हे जरा सविस्तर, कारण इथेच फसवणूक सोपी आहे. बाईंचं उदाहरण घ्या. ११० वरून ८० वर आल्या, म्हणजे ३० किलो गेले. एकूण वजनाच्या हिशोबाने २७ टक्के. बीएमआय २५ धरला तर योग्य वजन ६४, जादा ४६, म्हणजे "६५ टक्के जादा वजन घटलं". आपल्याकडचा २३ धरला तर योग्य वजन ५९, जादा ५१, म्हणजे ५९ टक्के. तेच ३० किलो, तीन आकडे. पत्रकावर कुठला छापतात ते ओळखा. एकूण वजनाचे टक्के, किती वर्षांनी आणि किती जणांत, हे सांगितल्याशिवाय कुठलाही आकडा घेऊ नका.

चौथा: स्टेपलर. स्लीव्हला साधारण ४ ते ६ कार्ट्रिज लागतात. एकदाच वापरायची गन पुन्हा निर्जंतुक करून वापरता का? अंदाजपत्रकात कार्ट्रिजची संख्या, कंपनी आणि भाव वेगळे लिहून द्या म्हणा. पॅकेज फार स्वस्त असतं तेव्हा काटछाट इथेच झालेली असते. बिलाला रिकाम्या खोक्यांचे स्टिकर जोडून मागा.

पाचवा: पूर्ण ऑपरेशन तुम्ही करणार की शिकाऊ? शिकाऊने काही भाग करण्यात गैर नाही, पण लपवण्यात आहे.

अवांतर: "रोबोटिक", "व्रणविरहित" वगैरेंना भुलू नका. आतल्या निकालात फरक असल्याचा ठोस पुरावा नाही, बिलात मात्र ठळक फरक पडतो. फोटोंच्या आधी-नंतरच्या जोड्या आणि फुकट शिबिरं म्हणजे जाहिरात. जाहिरात करून पेशंट ओढणं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत बसत नाही. तुमच्या गावच्या डॉक्टरांनी एकाच सर्जनचं नाव फार आग्रहाने सांगितलं तर थोडं सावध राहा. कट प्रॅक्टिस (पेशंट पाठवल्याचं कमिशन) हा महाराष्ट्रात नवा शब्द नाही.

तालुका_डॉक्टर
शेवटचं वाक्य माझ्यासारख्यांना उद्देशून होतं, कळलं :) आता आमच्या बाजूचं ऐका.

पेशंट पुण्याहून चौथ्या दिवशी घरी येतो आणि आठव्या दिवशी रात्री ११ ला उलट्या घेऊन माझ्या दारात. हातात डिस्चार्ज कार्ड, त्यावर "लॅप. स्लीव्ह, पेशंट स्टेबल" एवढंच. म्हणून सर्जन निवडताना विचारा की रात्री फोन कोण उचलतं. रिसेप्शनचा क्रमांक नको, सर्जन किंवा त्याच्या रजिस्ट्रारचा हवा.

आणि गावच्या डॉक्टरला दाखवायला एक कागद छापून घ्या, त्यावर हे असावं. नाडी १२० च्या वर गेली, डाव्या खांद्यात दुखतंय, ताप किंवा धाप लागते आहे: गळती समजायची, गॅस समजून घरी पाठवायचं नाही, पोट मऊ असलं तरीही. नाकातून रायल्स ट्यूब आंधळेपणाने घालायची नाही, नवीन टाक्यांत भोक पडतं. उलट्या चालू असतील तर ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिनचं इंजेक्शन. इथे सगळे चुकतात. उलट्यांनी थायमिन आधीच संपलेलं असतं, वर नुसतं ग्लुकोज दिलं की मेंदूवर परिणाम होतो: डोळे फिरतात, चालताना तोल जातो, विसरभोळेपणा कायमचा राहू शकतो. बायपासवाल्याला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, जोडाच्या जागी अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालतं. तंबाखू, मिश्रीसुद्धा बंद. आमच्या भागात बायका मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत, म्हणून नाव घेऊन विचारा.

टाकेवाला
टाळ्या. त्यात ऑपरेशन नोटची प्रत जोडा. पिशवीचा आकार, बूजी (कापताना मापासाठी आत घालतात ती नळी) किती फ्रेंच जाडीची (स्लीव्हला ३६ ते ४० नेहमीची), दोन्ही बाजूंच्या आतड्याची लांबी सेंमीत, कार्ट्रिज किती आणि कुठल्या, गळतीची चाचणी केली का. रू-एन-वायमध्ये आतड्याच्या पडद्यातल्या फटी शिवल्या का, हेही. फटी उघड्या राहिल्या तर वजन उतरल्यावर, वर्ष-दोन वर्षांनीसुद्धा, आतडं त्यात अडकतं. तेव्हा सर्जन दुसराच असतो आणि त्याला आत काय केलंय ते माहीत नसतं.

चमचाभर
मी आहाराचं काम करते, म्हणून सर्जनच्या आहारतज्ज्ञाबद्दल. ती पूर्णवेळ आहे की पत्रक देऊन मोकळी होते? पत्रकात "सूप, ज्यूस, ताक" एवढंच असेल तर शाकाहारी माणसाचं प्रथिनांचं गणित बसत नाही. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतात. १०० ग्रॅम पनीर साधारण १८ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरण ६-७, वाटीभर दही ५ च्या आसपास. पहिल्या महिन्यात पोटात जेमतेम अर्धी वाटी मावते, तेव्हा व्हे प्रोटीनशिवाय आकडा गाठता येत नाही. "घरचं सात्त्विक खा, पावडर कशाला" म्हणणाऱ्या आहारतज्ज्ञाकडे हा हिशोब मांडा.

गोळ्या जन्मभर: मल्टिव्हिटॅमिन, बी १२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम. कॅल्शियम सायट्रेटच मागा, कार्बोनेट शोषायला आम्ल लागतं. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, दोन तासांचं अंतर ठेवा. बी १२ शाकाहाऱ्यांचं ऑपरेशनआधीच कमी असतं, ते भरून मगच टेबलावर. वजन भराभर उतरताना पित्ताचे खडे होतात, त्यासाठी ६ महिने अर्सोडिऑल लिहितात का हे पाहा. वय ४२ आहे म्हणून सांगते, १२ ते १८ महिने गर्भधारणा नको. जेवढ्या सर्जननी हे स्वतःहून सांगितलं त्यांना माझ्याकडून एक गुण जास्त.

क्लेमचा_कारकून
बीएमआय ४३ आहे, त्यामुळे मेडिक्लेमचा मुख्य दरवाजा उघडा आहे. विमा नियामकाच्या प्रमाणित कलमानुसार वय १८ च्या वर, बीएमआय ४० किंवा जास्त, अथवा ३५ पासून पुढे असेल तर हृदयविकार, तीव्र स्लीप ॲप्निया, ताब्यात नसलेला मधुमेह यांपैकी काही, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असावेत. वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं आता याहून कमी बीएमआयलाही ऑपरेशन सुचवतात. कंपनी कलमावरच बोट ठेवते.

दावे अडतात ते कागदांवर. उंची आणि वजन ओपीडीच्या कागदावर तारखेसह लिहून घ्या, यकृत आकसायचा आहार सुरू व्हायच्या आधी. जो ४०.५ वर होता तो १५ दिवसांत ३९ वर येतो आणि टीपीए (विमा कंपनीसाठी दावे तपासणारा मध्यस्थ) भरतीच्या वेळचा आकडा धरतो. आहारतज्ज्ञाच्या जुन्या चिठ्ठ्या, फिजिशियनचं पत्र, स्लीप स्टडीचा अहवाल, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी), सगळं प्री-ऑथसोबत, म्हणजे भरतीआधीच्या मंजुरीच्या अर्जासोबत. अर्जात "कॉस्मेटिक" किंवा "वजन कमी करण्यासाठी" एवढंच लिहिलेलं चालत नाही. पॉलिसी नवी असेल तर प्रतीक्षाकाळ पाहा, मधुमेह आधी जाहीर केला होता का तेही. प्रोटीन पावडर आणि जीवनसत्त्वं वगळलेल्या खर्चात येतात.

मृणाल_सांगली
सगळ्यांचे आभार. आधी एंडोस्कोपी आणि स्लीप स्टडी करून घेतो, मग तिन्ही ऑपरेशन करणाऱ्या तिसऱ्या सर्जनकडे जातो. एंडोस्कोपी सांगलीत केली तर चालेल का? तिचे पैसे मिळतात?

दुर्बीण_दास
खुशाल सांगलीत करा. अहवालात अन्ननलिकेच्या सुजेची श्रेणी ए ते डी पैकी कुठली (डी सर्वांत तीव्र), हर्निया किती सेंमी, आणि एच. पायलोरीची चाचणी, हे लिहून मागा. त्या चाचणीआधी पँटोप्राझोल २ आठवडे बंद ठेवावं लागतं, नाहीतर खोटी निगेटिव्ह येते. जळजळ सहन होत नसेल तर मधल्या काळात आम्ल शमवणारं जेल वापरायला सांगतील. सी किंवा डी आली तर स्लीव्ह विसरा.

क्लेमचा_कारकून
पैसे भरतीपूर्व खर्चात मिळतात, पॉलिसीप्रमाणे ३० किंवा ६० दिवस आधीपर्यंतचे, मुख्य दावा मंजूर झाला तरच. डॉक्टरची चिठ्ठी, मूळ बिल आणि पावती जपून ठेवा. भरतीची तारीख पुढे ढकलली तर हे दिवस मोजूनच ढकला.

मृणाल_सांगली
मेटफॉर्मिनचं काय करायचं ते राहिलंच.

भूलकर
ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नाही, त्याआधी फिजिशियन सांगतील तसं. नंतर मधुमेहाचे डोस पहिल्या आठवड्यातच कमी करावे लागतात, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड जुन्याच डोसने चालू राहिलं तर साखर ५० च्या खाली जाते. घरी जाताना नवा डोस लिहून घ्या.

तालुका_डॉक्टर
आणि ती चिठ्ठी माझ्याकडे, म्हणजे त्यांच्या गावच्या डॉक्टरांकडे, पहिल्याच दिवशी नेऊन द्या.

कपाळमोक्ष
एंडोस्कोपीचा अहवाल आला की इथे टाका, नाव-नंबर झाकून. पुढच्या भांडणाला विषय मिळेल.